कच्चं लिंबू

मागच्या वर्षी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ खेळताना मी एक फासा लपवला. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षसांचे फासे टाकणारा, मीच होतो. मित्राची क्लेरिक (मंत्र येणारी पुजारीण) शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे सगळी ताकद संपून, बेशुद्ध पडलेली, एक डेथ सेव्ह (जगण्या-मरण्याचा फासा) आधीच गेलेला आणि उशाशी ऑगर राक्षस उभा. बेशुद्ध कॅरेक्टरवर जवळून वार बसला की तो क्रिटिकलच (जबर वार) धरतात, दोन सेव्ह एकदम जातात. तीन गेले की खेळ खलास. मेलेल्याला रेव्हिव्हिफाय मंत्राने उठवता येतं, पण मुदत एका मिनिटाची आणि हिरा लागतो ३०० सोन्याच्या नाण्यांचा. हिरा तिच्याच झोळीत, आणि मंत्र येणारी पार्टीत तीच एकटी! डीएमसमोरच्या पडद्याआड १७ पडले, म्हणजे वार बसला. मी म्हणालो, "हुकला."

जरा जास्तच पटकन म्हणालो बहुतेक. रात्री खाली गाडी काढताना मित्र म्हणाला, "मला कच्चं लिंबू केलंस ना?"

लागलं ते. लहानपणी पकडापकडीत धाकट्या भावाला असंच घ्यायचो. तो बाद होत नसे, त्यामुळे त्याच्यामागे कुणी जीव तोडून धावतही नसे.

तेव्हापासून मी पडदाच काढून टाकलाय. फासा सगळ्यांसमोर, पडेल तो खरा. ज्यांना मरण नकोच आहे त्यांनी कॅम्पेन, म्हणजे लांबलचक गोष्ट, सुरू होण्याआधी सांगावं, तसंही मजेत खेळता येतं. १९८४ सालच्या पॅरानोइया या अशाच खेळात तर प्रत्येकाला सहा क्लोन मिळतात, मरण हाच विनोद. पण आधी "मरू शकता" म्हणायचं आणि ऐनवेळी फासा झाकायचा, हा डीएमचा रडीचा डाव झाला.

दुसऱ्या टोकाचे डीएमही मला झेपत नाहीत. दार उघडलं, मेलास, कॅरेक्टरची शीट फाड, पुढचा! अरे, शेवटचं वाक्य तरी बोलू दे त्याला. आणि पुढचे तीन तास त्याने काय मोबाईल बघायचा? वाटेतला एखादा गाडीवान, पहारेकरी द्या त्याच्या हातात, खेळत राहील.

ती क्लेरिक शेवटी दिवाळीनंतर गेली. डेथ सेव्हला दहाच्या वर लागतं किंवा दहा तरी. पडले ४, मग ८, मग ९. नवाला आम्ही सगळे उभे होतो.

मित्राने आता बार्बेरियन, म्हणजे आडदांड लढवय्या, घेतलाय. सामानात पहिलीच नोंद: हिरा, ३००. वापरता कुणालाच येत नाही.