थर्मोस्टॅट काढून टाकल्यानं गाडी थंड राहत नाही

ऊन तापायला लागलं की सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. "गाडी हीट होते? गॅरेजला जाऊ नका, घरीच करा." त्यात पाच सल्ले असतात. थर्मोस्टॅट काढून फेका. कूलंट ही लूट आहे, बोअरचं पाणी भरा. गळती असेल तर रेडिएटरमध्ये हळद टाका. काटा वर गेला तरी थांबू नका, वाऱ्यानं इंजिन आपोआप गार होतं. आणि थांबावंच लागलं तर झाकण उघडून गार पाणी ओता.

गाडीचं काम घरी करण्याला माझा विरोध नाही. बरंचसं करता येतं आणि करावं. पण या पाचांतला एकही सल्ला गाडी तापते कशामुळे हे विचारत नाही, आणि म्हणूनच तो मजकूर पुढे पाठवण्याआधी हे वाचा.

थर्मोस्टॅटपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गाड्या याच सल्ल्यानं बिघडतात. थर्मोस्टॅट म्हणजे मेणावर चालणारा छोटा वॉल्व्ह. इंजिन गार असताना तो बंद असतो. बहुतेक गाड्यांत 82 ते 88 अंशांच्या आसपास आतलं मेण फुगतं, वॉल्व्ह उघडायला लागतो आणि गरम कूलंट रेडिएटरकडे जातं. तो पूर्ण उघडला की पुढची सगळी जबाबदारी रेडिएटर आणि फॅनची. म्हणजे वॉल्व्ह नीट उघडत असेल, तर मे महिन्यातल्या 42 अंशांत तो काढून फायदा काहीच नाही. तोटे मात्र आहेत. इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो, ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, ते गारच आहे असं वाटतं आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, जास्तीचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, कित्येक गाड्यांत चेक इंजिनचा दिवाही लागतो. शिवाय काही इंजिनांत हाच वॉल्व्ह उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बरंचसं गरम कूलंट रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परत फिरतं, आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत थर्मोस्टॅट काढून चालवायची पद्धत होती, हे खरं. तिथूनच हा सल्ला आला असावा. आजच्या गाडीत संशय असेल तर वॉल्व्ह तपासा. इंजिन पूर्ण गार असताना तो काढा, दोऱ्यानं पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवा (पातेलं स्वयंपाकाचं नको) आणि पाणी तापवा. थर्मामीटर असेल तर उत्तम. वॉल्व्हवर छापलेल्या अंशांच्या जवळपास तो उघडायला लागला तर धड आहे. पाणी उकळलं तरी हलला नाही, तर नवा टाका. बऱ्याच छोट्या गाड्यांचा काही शे रुपयांत येतो.

आता बोअरचं पाणी. आपल्याकडचं बोअर म्हणजे काळ्या खडकातलं जड पाणी. तोट्यांवर आणि गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि सिलिंडरभोवतीच्या वाटांत बसतो, आणि तो थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, बोअरच्या पाण्यात ती नसतात. उकळण्याचंही बघा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, त्यामुळे इथं उघड्यावर साधं पाणी 100 अंशांच्या थोडं आधीच उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण उघड्यावरसुद्धा 105 च्या पुढे जातं, आणि दाबाच्या झाकणाखाली तर 120 च्याही वर. वाटेत दुसरं काही मिळालं नाही तर बाटलीबंद पाणी घालून घर गाठा, त्यात काही पाप नाही. पण नंतर ते काढून योग्य मिश्रण भरा. रंग बघून दोन वेगळ्या जातींची कूलंट एकत्र करू नका, पुस्तिकेत लिहिलेली जातच घ्या. आणि काढलेलं जुनं कूलंट अंगणात सोडू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असतं. कुत्री ते चाटतात आणि मरतात. लहान मुलं असलेल्या घरात तर डबा उघडा ठेवूच नये.

हळदीबद्दल थोडक्यात. ती गळतीच्या भोकाशी जमते तशीच रेडिएटरच्या नळ्यांत आणि हीटरच्या कोअरमध्येही जमते. गळती मात्र बहुतेक वेळा होज पाइपच्या सैल क्लिपला, चिरलेल्या पाइपला किंवा वॉटर पंपाच्या सीलला असते. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा घालून ठेवा, सकाळी डाग नेमका कुठं पडलाय ते दिसेल. क्लिप आवळायला स्क्रू ड्रायव्हर पुरतो.

चौथा सल्ला इंजिनाचा जीव घेतो. आजच्या बहुतेक गाड्यांचं सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं. ते जास्त तापलं की वाकतं, हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनामधलं पॅकिंग) उडतं, मग हेड उतरवून फेसिंगला, म्हणजे सपाट करून घ्यायला, पाठवायचा खर्च येतो. काटा खाली आला म्हणून निर्धास्त होऊ नका. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच संपलं तर तो नुसती वाफ नाहीतर हवा मोजतो आणि काटा खोटं बोलतो. काटा चढायला लागला की आधी एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा, आणि सुरक्षित जागा बघून लगेच कडेला घ्या. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली की इंजिन बंद.

झाकण मात्र तेव्हा अजिबात उघडायचं नाही. कुकरची शिट्टी न काढता झाकण उघडण्यासारखंच ते आहे. आतला दाब सुटला की उकळतं कूलंट तोंडावर, छातीवर उडतं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर हेडला तडा जाण्याचीही भीती. वरचा पाइप हाताला गार लागेपर्यंत, अर्धा-पाऊण तास तरी, थांबा. इंजिन बंद असतानाही फॅन अचानक फिरू शकतो, तेव्हा हात लांब ठेवा.

मग करायचं काय? आधी गाडी कुठं तापते ते बघा. सात रस्त्याच्या सिग्नलला काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर दोष बहुधा फॅनचा. एसी लावा आणि कान द्या. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन फिरायला हवा. फिरला नाही तर फ्यूज आणि रिले बघा, तेवढं घरी जमतं. उलट शहरात ठीक आणि तुळजापूरचा घाट चढताना तापत असेल, तर कूलंट कमी आहे, रेडिएटर जाम आहे, वॉटर पंप थकलाय किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही. काटा चढलेला असून वरचा पाइप गरम आणि खालचा गारच असेल, तर थर्मोस्टॅट किंवा रेडिएटर अडलाय. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि किडे अडकलेले असतील तर आतून बाहेरच्या दिशेनं पाण्याची हलकी धार मारा, प्रेशर वॉशर नको.

बाहेर थेंब दिसत नसताना कूलंट कमी होत असेल, गरम इंजिनातूनही गोडसर वासाचा दाट पांढरा धूर येत असेल किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसत असेल, तर गाडी सुरूच करू नका. हेड गॅस्केटचं काम घरी होत नाही. टो करून न्या.

त्या मजकुरावर विसंबून ज्यांनी थर्मोस्टॅट काढलाय, त्यांनी नवा वॉल्व्ह नव्या गॅस्केटसह बसवावा, रेडिएटर डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन योग्य कूलंट भरावं आणि पुस्तिकेतल्या पद्धतीनं आतली हवा काढावी. हवेचा फुगा राहिला तर गाडी पुन्हा तापते. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना लेव्हल बघून कमी असेल तेवढं भरा.