पडद्यावरचा देव आणि पाटी बदललेली मंडळं

नमस्कार. "तमिळ माणूस पडद्यावरच्या देवाला मत देतो, इतकं ते साधं आहे; तुम्ही उगाच त्याला विचारांचा मुलामा देताय," असं तुम्ही तमिळनाडूतल्या चाहता मंडळांवरच्या माझ्या लेखाबद्दल लिहिलंत. मुलामा थोडा जास्त झाला, कबूल. पण 'इतकं साधं' काही पटत नाही.

देवच जिंकत असेल तर तमिळ नट शिवाजी गणेशन निवडणुकीत का पडले? अभिनयात एमजीआर, म्हणजे पुढे मुख्यमंत्री झालेले नट एम. जी. रामचंद्रन, यांच्या कितीतरी पुढे, चाहतेही अफाट. (त्यांचं 'शिवाजी' हे नाव आपल्या महाराजांवरूनच. पुढे द्रमुक हा पक्ष काढणाऱ्या अण्णादुराईंच्या नाटकात त्यांनी महाराजांची भूमिका केली आणि द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांनी तेच नाव त्यांना दिलं.) १९८८ मध्ये त्यांनी पक्ष काढला आणि १९८९ मध्ये तिरुवैयारूत स्वतःच हरले. लोक तेव्हाही त्यांच्यावर जीव टाकतच होते. मत मात्र दिलं नाही.

एमजीआरांना १९७२ मध्ये द्रमुकने काढलं आणि त्यांनी अण्णाद्रमुक उभा केला. उभा कसला, गावोगावची 'रसिकर मन्रम', म्हणजे चाहत्यांची मंडळं, तयारच होती. पाटी तेवढी बदलली. पोस्टर चिकटवणारी, पहिल्या खेळाला थिएटर दणाणून सोडणारी ही पोरं आधी द्रमुकच्या प्रचारातही राबलेली. पुढच्याच वर्षी दिंडिगुलची पोटनिवडणूक खिशात, १९७७ मध्ये राज्य. आपल्याकडची गणेश मंडळं आठवा: वर्गणी मागत फिरणारा पोरगा पुढे नगरसेवक होतो, तेव्हा आपण त्याला भक्तीचं वेड म्हणतो का?

कमल हासन २०२१ मध्ये कोइम्बतूर दक्षिणेत १,७२८ मतांनी पडले. रजनीकांत, म्हणजे मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड, २०१७ च्या शेवटच्या दिवशी 'राजकारणात येतो' म्हणाले आणि तीन वर्षांनी 'नाही येत' म्हणाले. चाहत्यांनी दुधाचे अभिषेक दोघांच्याही कटआउटवर केलेत.

तुम्ही काढलेल्या करूरच्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. २७ सप्टेंबर २०२५ ला तिथे तमिळ नट विजय यांच्या राजकीय सभेतल्या चेंगराचेंगरीत ४१ जीव गेले. त्यांचा पक्षही चाहत्यांच्या संघटनेतूनच उभा राहिलेला. गर्दी जमवणं या पोरांना वर्षानुवर्षं जमतंय, ती आवरायची कशी हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मी लेखात या मंडळांना 'शिस्तबद्ध' म्हटलं होतं. तो शब्द आज काढून टाकला आहे.