एसएमएस म्हणजे हिशेब नव्हे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड तीनदा येऊन गेला. सार असं: प्रत्येक व्यवहाराचा एसएमएस येतो, बँकेचा कॉम्प्युटर चुकत नाही आणि चुकलाच तर बँक पैसे परत देते, तेव्हा पासबुक घेऊन आकडे जुळवणं हा रिटायर लोकांचा टाइमपास. मी रिटायर आहे, हे कबूल. बाकीचं नाही.

एसएमएस येतो तो झालेल्या व्यवहाराचा. व्हायच्या व्यवहाराचं काय? मार्चमध्ये मी वर्षाच्या मेंटेनन्सचा चेक दिला. चेक तीन महिने चालतो, आणि आमचे खजिनदार ते तीन महिने पुरेपूर वापरतात. अ‍ॅपवर शिल्लक गुबगुबीत दिसत होती, त्या भरवशावर मी घराला रंग काढून घेतला. जूनमध्ये चेक वटला आणि दोनच दिवसांनी गाडीच्या कर्जाचा हप्ता परत गेला. दंड, त्यावर १८ टक्के जीएसटी. यात बँकेची चूक शून्य. अकरावी कॉमर्सची पोरं बँक जुळवणी पत्रकात ‘दिलेले पण न वटलेले चेक’ अशी नोंद करतात. मी केली नव्हती.

शिवाय आलेला एसएमएस वाचतो कोण? मेअखेरीस ४३६ आणि २० रुपये गेलेले दिसले तर ते पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचे हप्ते. शेजारच्या काकूंचे दोन बँकांतून जात होते. दोनदा हप्ता भरला तरी विमा एकच मिळतो, हे त्यांना पासबुकं शेजारी शेजारी ठेवल्यावर कळलं.

कॉम्प्युटर चुकत नाही, हे पुण्यात राहून फॉरवर्ड करायला धाडस लागतं. ऑगस्ट २०१८ मध्ये इथल्याच कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी सायबर हल्ल्यात गेले, त्यातले बरेचसे एटीएममधून, खोट्या मंजुऱ्यांवर. (खातेदारांच्या पैशांना धक्का लागला नाही, हेही सांगायला हवं.)

राहिला परताव्याचा मुद्दा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात घड्याळ लावलेलं आहे. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीत बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवस लावले तर साध्या बचत खात्यावर १०,००० रुपयांपर्यंतचा भार तुमचा. त्यानंतर बँकेचं धोरण असेल तसं. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं तुमच्या माथी. एटीएममधून नोटा न येता खात्यातून पैसे वजा झाले, तर २०१९ च्या नियमानुसार ते पाच दिवसांत परत यायला हवेत, पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. तीही न मागता. पण आली की नाही, हे पाहणार कोण?

मी दर रविवारी चहा निवेपर्यंत वही आणि स्टेटमेंट समोरासमोर ठेवून टिका मारतो. एवढं सगळं ग्रुपवर लिहिलं, तर खजिनदारांनी अंगठा दाखवला. त्यांच्याकडे माझा पार्किंगचा चेक अजून पडून आहे.