दारं-खिडक्या बंद ठेवा म्हणे

आज सकाळी सात वाजता पुण्याहून भाच्याचा मेसेज. "मामा, तुमच्याकडे वणव्याचा धूर आहे म्हणे. दारं-खिडक्या घट्ट बंद ठेवा. आजीला एसीत झोपवा. प्युरिफायर लावा. बाहेर पडू नका." खाली जोडलेले तीन हात. आणि त्याच वेळी गावच्या ग्रुपवर कोणीतरी उन्हाळ्याचं पत्रक फिरवलेलं: रात्री खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती राहू द्या.

आता सांगा गड्याहो, कोणाचं ऐकू?

एप्रिल अजून अर्धा व्हायचा आहे आणि पारा 43 ला टेकलाय. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीनं 47 पाहिलेलं आहे, त्यामुळे 43 चं आम्ही कौतुक सांगत नाही. उन्हाचं आम्हाला कळतं. माठ, कैरीचं पन्हं, डोक्याला ओला दुपट्टा, अकराच्या आत शेतातून घरी. यात कोणी शहाणपण शिकवायची गरज नाही. पण उन्हाबरोबर धूर आला की काय करायचं, हे ना आजोबांनी सांगितलं ना त्या पत्रकात आहे.

मागच्या गुरुवारची रात्र सांगतो. साडेअकराला वास आला. वाटलं कोणी काडीकचरा पेटवला असेल, विझेल. माय खिडकीजवळच्या बाजेवर, पायथ्याशी कुलर चालू. वय चौऱ्याहत्तर, दमा जुना. थोड्या वेळानं ती उठून बसली. काही बोलली नाही, नुसती दोन्ही हात गुडघ्यावर टेकून बसली. दमेकऱ्याच्या घरात राहिलेल्यांना ते बसणं कळतं. मी टॉर्च लावला, तर उजेडाच्या पट्ट्यात धूर असा फिरत होता जसं थंडीत धानाच्या बांधीवर धुकं फिरतं.

अन् हा धूर घरात आणत कोण होतं? आमचाच कुलर. कुलर दुसरं करतो काय? बाहेरची हवा गवताच्या ओल्या ताट्यांतून ओढतो आणि आत फेकतो. बाहेर धूर असला तर धूर फेकतो. ताट्या राख अडवतात, धुराचा बारीक कण नाही अडवत. तो 2.5 मायक्रॉनच्याही आतला असतो, डोक्याच्या केसाच्या तिसाव्या हिश्श्याएवढा, थेट फुफ्फुसात उतरतो. हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. त्या रात्री मला एवढंच कळलं की मायला गार वाटावं म्हणून लावलेलं यंत्र तिचा दम कोंडतंय.

कुलर बंद केला, खिडकी लावली. दहा मिनिटांत खोलीचा भट्टा झाला. आणि धूर काही थांबला नाही, कारण आमचं घर कवेलूचं. मातीच्या भिंती, वर कवेलू, प्रत्येक दोन कवेलूंत फट. याच फटींमुळे हे घर उन्हाळ्यात गार राहतं, हवा वरून निघून जाते. आजोबांची अक्कल. पण जिथून हवा जाते तिथूनच धूर येतो. दारं-खिडक्या घट्ट बंद ठेवा म्हणे! छताचं काय करू रे बाबा? छताला कडी लावू?

मग मायला उचलून मागच्या घरकुलात नेलं. भावाला मिळालेलं आहे, 25 चौरस मीटर, वर स्लॅब. तिथे फट नाही, धूर खरंच कमी. पण स्लॅब दिवसभर उन्हात तापलेला. रात्री बारालाही भिंतीला तळहात टेकवत नव्हता. वर पंखा. हवा 40 च्या पलीकडे गेली की पंखा गार करत नाही, गरम हवाच अंगावर ढकलतो. पाचव्या मिनिटाला माय म्हणाली, "मले बाहेर ने रे बापा, इथं जीव जाते."

म्हणजे जुन्या घरात धूर, नव्या घरात भट्टी. आणि मधल्या अंगणात माझी माय, बाजेवर, तोंडाला ओला पदर. इतक्यात लाईन गेली. नेब्युलायझर, म्हणजे दम्याचं औषध वाफेसारखं देणारं विजेवरचं यंत्र, कपाटात होता तो कपाटातच राहिला.

एसीत झोपवा म्हणतो. अरे, आमच्या डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, दोन मोटारी एकदम चालत नाहीत.

(भाच्यावर राग नाही माझा. पोरगं काळजीनंच बोलतं. त्यानंच परवा कुरिअरनं एन-95 मास्क पाठवलेत, ते तालुक्याला येऊन पडलेत, आणायचे आहेत. दुपट्ट्यानं राख अडते, तो कण अडत नाही, तेव्हा मास्क कामाचेच आहेत. पण तोंड बांधून रात्रभर झोपून दाखवा एकदा.)

अजून एक. दिवसा हा धूर एवढा जाणवत नाही. जमीन तापली की हवा वर उठते, धूरही वर जातो. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते आणि धूर तिच्याबरोबर गावावर येऊन बसतो. आमचं गाव खोलगट, तलावाच्या अंगाला. म्हणजे ज्या वेळी खिडक्या उघडायच्या, अंगणात बाज टाकायची, नेमकी तीच वेळ धुराची. पत्रक लिहिणाऱ्यानं एक रात्र इथे काढावी, बाज मी देतो.

सकाळी कुलरची टाकी उघडली. पाणी काळं, त्यावर सागाचं एक जळकं पान तरंगत होतं. आख्खं पान. शिरा न् शिरा दिसत होती, जाळीसारखी. बोट लावलं तर नुसता काळा डाग उरला बोटावर. पत्नीनं अंगणात कुरड्या घातल्या होत्या, त्यांच्यावरही तीच राख. तिनं एकेक कुरडई फुंकून पाहिली आणि मग सगळ्या गोळा करून गुरांच्या गव्हाणीत टाकल्या. दोन दिवसांचा चीक होता तो.

आता खरं बोलायचं ते बोलतो. हा वणवा लागला नव्हता. लावला होता. आमच्या जंगलात वीज पडून आग लागल्याचं मी पन्नास वर्षांत ऐकलेलं नाही. शहरातल्या मित्रांसाठी सांगतो, आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. उन्हाळ्यात धुऱ्यावरचं गवत पेटवायचं, शेत साफ. काडी लावून माणूस घरी जाऊन जेवतो, धुरा जळत जळत जंगलाला भिडतो. दुसरं मोहाचं. फूल पहाटे गळतं, फिक्कट रंगाचं, पालापाचोळ्यात दिसत नाही. म्हणून झाडाखालचा पाला जाळायचा. तिसरं तेंदूचं, म्हणजे बिडीच्या पानाचं. आग गेली की पालवी चांगली फुटते म्हणून मे लागायच्या आधी जंगलच पेटवायचं. 70 पानांचा पुडा, त्याच्यासाठी डोंगर काळा.

हो, माहीत आहे. मोहावर अन् तेंदूवर कित्येक घरांचं वर्ष चालतं. आणि आमच्या भागात पाला-झुडपात वाघ बसलेला दिसत नाही, मोकळं असलं तर निदान दिसतो. हे खोटं म्हणणार नाही. ज्या घरची बाई पाने तोडायला जाऊन परत आली नाही, त्या घरासमोर उभं राहून पर्यावरण शिकवायची माझी छाती नाही. पण मोहाखाली झाडू मारता येतो. जुनी लुगडी अंथरता येतात. तेंदूला आगीऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई केली, म्हणजे झुडपं बुंध्याशी छाटली, की पालवी तशीच येते. आणि धुऱ्याचं तर काहीच कारण नाही. किडीची अंडी मरतात म्हणतात. मरत असतील. नुसता आळस आहे हो. विळ्यानं दोन दिवसांचं काम काडीनं दोन मिनिटांत.

आमच्याच जिल्ह्यातलं गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव घ्या. 2012 साली सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा हक्क, मिळाला आणि गावानं ठरवलं, तेंदू तोडायचाच नाही. फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात, नको ते. बांबूवर जगू. तेंदूचा पैसा सोडून दिला! त्यांना काय पैसा कडू लागत होता? आमच्या ग्रामसभेत हा विषय काढला तर कोरम गेला असं कळलं.

वनखात्याला शिव्या देणारे खूप आहेत, मीही देतो एरवी. 15 फेब्रुवारी ते 15 जून त्यांचा आगीचा हंगाम. सॅटेलाइटवरून मोबाइलवर निरोप येतो, अमुक कक्षात आग. आणि मग जातं कोण? रोजीवरची चार पोरं. पाठीवर एक ब्लोअर, बाकीच्यांच्या हातात ओल्या फांद्या. गुरुवारी रात्री ती पोरं डोंगरावर होती, तेव्हा ज्यानं काडी लावली तो घरी घोरत होता. 1927 च्या वन कायद्यात शिक्षा आहे, आहे ना. काडीवर कोणाचं नाव लिहिलेलं असतं?

मीही धुरा पेटवलाय. तीन वर्षांपूर्वीपर्यंत दरवर्षी. लिहून टाकतो, नाही तर कोणीतरी कमेंटमध्ये लिहीलच.

आणि चुलीचं. कोणीतरी म्हणेलच, घरात वर्षभर चूल पेटते तेव्हा कुठे जातो तुमचा धूर? बरोबर आहे. मायचा दमा काही गुरुवारी रात्री जन्मला नाही. उज्ज्वलाचा सिलिंडर आमच्याकडे चहापुरता होता इतकी वर्षं. शुक्रवारपासून चूल सांदवाडीत, घरामागच्या मोकळ्या जागेत हलवली, घरात उदबत्ती बंद, कासवछाप बंद, केरसुणीऐवजी ओलं फडकं. जेवढं हातात आहे तेवढं.

त्या रात्री शेवटी काय उपयोगी पडलं तेही सांगतो, कोणाच्या घरी म्हातारं माणूस असेल तर. दम्याचा पंप दिला, डॉक्टरांनी लिहून दिलेला, स्पेसर (पंपाला लावायचं नळकांडं) लावून. पाय पाण्याच्या घमेल्यात. मानेवर, काखेत ओला पंचा, दर दहा मिनिटांनी बदलायचा. मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं, कारण म्हाताऱ्यांना तहान लागल्याचं कळत नाही. आणि अडीचच्या सुमारास घरकुलाचा स्लॅब जरा निवला तेव्हा वर चार बादल्या पाणी ओतून, दारावर ओलं चवाळं टांगून तिला आत नेलं. चवाळ्यानं राखच अडते, तरी. शेजाऱ्याची गाडी अंगणात लावून ठेवली होती, ओठ निळसर दिसले असते तर निघालोच असतो. पहाटे तिचा श्वास खाली बसला. मी तिथेच जमिनीवर बसून होतो. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला अन् म्हणाली, "तू झोपला नाही काहून?"

खूप राग होता हे लिहायला घेतलं तेव्हा. आता तेवढा नाही.

कारण शुक्रवारी, नीट बोलता यायला लागल्यावर, माझ्या मायचा पहिला प्रश्न काय असावा? "अरे, आपल्या मोहाखालचं झालं का? फुलं वाया चालली. नाही त काडी लाव न मोकळा हो." मी नुसता पाहत राहिलो तिच्याकडे. म्हटलं, माय, रात्री तुला काय झालं होतं? "ते डोंगराचं होतं रे. आपलं एवढंसं."

साठ वर्षं तिनं तसंच केलंय. तिच्या आईनंही. मी कोणावर ओरडू?

शनिवारपासून पहाटे मीच झाडतो मोहाखाली. तिच्याच दोन जुन्या लुगड्यांची जोड मारून खाली अंथरली आहे. ती सपरीत बसून हसते. काल म्हणाली, फुलाले माती नाही लागली, वाळवाले बरं.

आत्ता रात्रीचे साडेनऊ झालेत. कुलर चालू आहे, माय बाजेवर आहे, आणि मला पुन्हा वास येतोय. मला वाटलं मनाचा खेळ असेल. पण तीही उठून बसली आहे, खिडकीकडे तोंड करून.

"कोनाचा धुरा व्हय रे?"

कुलर बंद करतो अन् बघून येतो.