पीटीचा तास, घामाविना

हेडसर, वेळापत्रक करायला बसलाच आहात तर पीटीचा तास मधल्या सुट्टीला लागून टाका. पोटात डबा असला की पळायची भाषा कुणी करत नाही. शिवाय गणिताच्या मॅडमना पोर्शन संपवायला तास लागतोच. मागायला त्या येतीलच, नाही म्हणू नका.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 5 ते 17 वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं अंगमेहनत करावी. म्हणू द्या. आपला तास 35 मिनिटांचा. रांगा आणि हजेरी 10 मिनिटं, नखं-बूट तपासणी 10, कपाटाच्या किल्लीचा शोध 8 (ती क्लार्ककडे असते आणि क्लार्क तालुक्याला गेलेले असतात). उरली 7. कपाटातून गंजक्या लेझमांखालचा एकच व्हॉलीबॉल काढा. त्यात हवा नसेल. पंप आहे, त्याची सुई हरवली आहे. साठ पोरांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला सात सेकंद व्यायाम येतो. पोरींनी सावलीत बसून स्कोअर लिहावा.

खेळ निवडताना मात्र जपा. लंगडी, आट्यापाट्या असले प्रकार अजिबात नकोत. फक्कीच्या चार रेघा ओढल्या की सगळा वर्ग पळतो आणि खरेदीचं बिलही लावता येत नाही! त्यापेक्षा बाद करायचे खेळ घ्या. ज्याला पळण्याची सर्वांत जास्त गरज, तो पहिल्याच डावात बाद होऊन तास संपेपर्यंत कडुनिंबाखाली बसतो. गृहपाठ विसरलेल्यांना मैदानाच्या पाच फेऱ्या. पळणं ही शिक्षा असते हे सातवीपर्यंत पक्कं झालं, की पुढे डॉक्टरांनीही चालायला सांगितलं तरी तो विचारेल, ‘माझं काय चुकलं?’

मैदानाची धास्ती नको. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. त्यावर शिक्षकांच्या स्कूटर नसाव्यात असं नाही लिहिलं. 29 ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, तेवढ्या बाजूला घ्या. ध्यानचंदांच्या तसबिरीला हार, पाहुण्यांचं पाऊण तास भाषण, मुलं उन्हात मांडी घालून.

राहता राहिलं मूल्यमापन. धावून दाखवा वगैरे नको, कुणी पडलं तर पालक येतात. लेखीच घ्या: ‘खो-खोच्या मैदानाची आकृती काढून भागांना नावे द्या.’ पाच गुण. आकृती पेन्सिलनेच काढायला सांगा.