कॅनन-निकॉनचं श्राद्ध घालायची घाई

कॅमेऱ्यांविषयीचा एक संदेश सध्या जिकडे-तिकडे फिरतो आहे. त्याचा आशय असा: व्यावसायिक फोटोग्राफीची बाजारपेठ सोनीने जिंकली, स्पर्धा संपली. नामांकित वृत्तसंस्थेनेही सोनीच निवडली. आत आरसा असलेला डीएसएलआर कॅमेरा मेला. निकॉन शेवटच्या घटका मोजते आहे, आणि तसाही तिच्या कॅमेऱ्यात सोनीचाच सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, असतो. सगळं चित्र एका क्षणी टिपणारं ग्लोबल शटर सोनीने आणल्यावर तर कोणाला बोलायला जागाच उरली नाही.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्यातरी खऱ्या गोष्टीवर उभं आहे. पंचाईत तीच आहे.

वृत्तसंस्थेचं आधी बघू. असोसिएटेड प्रेसने आपल्या छायाचित्रकारांना आणि व्हिडिओ पत्रकारांना सोनीची उपकरणं देण्याचा करार जुलै २०२० मध्ये जाहीर केला. करार खरा आहे आणि सोनीने तो कमावलेला आहे. तिच्या २०१७ च्या ए९ कॅमेऱ्यामध्ये सेकंदाला २० फोटो मिळायला लागले, तेही आवाज न करता आणि व्ह्यूफाइंडर एकदाही काळा न होता. न्यायालयात किंवा गोल्फच्या मैदानावर, जिथे शटरचा खटका झाला की माना वळतात, तिथे उभं राहणाऱ्याला याची किंमत कळते. पण तारीख बघा. त्या जुलैत समोर काय होतं? कॅननची वन-डी एक्स मार्क थ्री आणि निकॉनची डी६, म्हणजे दोन डीएसएलआर. कॅननची आर५, आरसा नसलेली म्हणजे मिररलेस, त्याच महिन्यात जाहीर झाली. मैदानावर आणि बातमीसाठी वापरायच्या म्हणून घडवलेल्या मिररलेस कॅनन आर३ आणि निकॉन झेड९ आल्या २०२१ मध्ये. तो निवाडा २०२० च्या स्पर्धकांमधला होता. शिवाय संस्था आपल्या पगारी लोकांसाठी एकगठ्ठा खरेदी करते. स्वतःच्या खिशातून लेन्सा घेणारा फ्रीलान्सर असा एका सकाळी कंपनी बदलत नाही.

आता ‘बाजारपेठ जिंकली’. लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांत २००३ पासून दरवर्षी जगात आपलाच पहिला क्रमांक आहे, असं कॅनन सांगत आली आहे. सोनी फुलफ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) मिररलेसमधला पहिला क्रमांक जाहिरातीत मिरवते. दोघी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण प्रत्येकीने आपल्या सोयीचा तक्ता निवडला आहे. त्यातल्या एकाही तक्त्यात फोटोग्राफीवर पोट असलेला माणूस वेगळा मोजलेला नसतो. कॅननच्या आकड्यात हौशी लोकांनी घेतलेल्या लहान बॉडीही (लेन्सशिवायचे कॅमेरे) आल्याच, म्हणून मी तोही आकडा पुरावा म्हणून पुढे करत नाही.

संदेश लिहिणाऱ्याला सगळ्यात कमी ठाऊक असावा तो या स्पर्धेचा इतिहास. कोडॅकने १९९१ मध्ये निकॉन एफ३ च्या बॉडीच्या पाठीमागे डिजिटल भाग बसवून डीसीएस कॅमेरा विकायला काढला, तेव्हा डिजिटल म्हणजे कोडॅक असंच समीकरण होतं. १९९९ मध्ये निकॉनने पूर्ण स्वतःची डी१ आणली आणि वृत्तपत्रांनी ती उचलली. २००१ मध्ये कॅननची वन-डी आली, २००२ मध्ये ११ मेगापिक्सलची फुलफ्रेम वन-डी एस. त्यानंतरची पाच वर्षं निकॉनकडे फुलफ्रेम नव्हतीच, आणि ‘निकॉन संपली’ हे तेव्हाही छातीठोकपणे सांगितलं जायचं. मग २००७ मध्ये डी३ आली. फक्त १२ मेगापिक्सल, पण अंधारात अशी चालली की मैदानाच्या कडेला कॅननच्या पांढऱ्या लेन्सांमध्ये पुन्हा निकॉनच्या काळ्या दिसायला लागल्या. त्या पांढऱ्या लेन्सांचं राज्यही कॅननने फुकट मिळवलेलं नव्हतं. १९८७ मध्ये तिने जुना माउंट (लेन्स बसवायची खाच) टाकून पूर्ण इलेक्ट्रॉनिक ईएफ माउंट आणला, तेव्हा जुन्या लेन्सा घेऊन बसलेले लोक भयंकर चिडले होते. निकॉनने मात्र १९५९ चा एफ माउंट सोडला नाही. सोनी या खेळात उतरली ती २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाचा कॅमेरा व्यवसाय घेऊन. आघाडी इतक्या वेळा हातातून हातात गेलेली असताना नेमकी या वेळीच ती कायमची ठरली, असं मानायला आधार काय?

छायाचित्रकार एका कंपनीकडून दुसरीकडे हळूच सरकतात, त्याचं कारण बॉडीत नसतं, बॅगेत असतं. ४०० आणि ६०० मिलिमीटरच्या लेन्सा, फ्लॅश, दुरुस्तीला दिलेल्या बॉडीच्या बदल्यात मिळणारी दुसरी, मोठ्या स्पर्धांच्या ठिकाणी कंपनीचं मदतकेंद्र, आणि बोटांची सवय. निकॉनची लेन्स बसवताना कॅननच्या उलट दिशेला फिरवावी लागते. घाईत असताना हे फार छळतं. म्हणूनच कॅनन आणि निकॉनने मिररलेसच्या नव्या माउंटसोबत जुन्या लेन्सा बसवायचे अडॅप्टर दिले. जुन्या ईएफ लेन्सा कॅननच्या मिररलेस आर मालिकेवर छान चालतात. निकॉनच्या अडॅप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या लेन्सा तिथे हातानेच फोकस कराव्या लागतात. ही तक्रार रास्त आहे.

सोनीचं खरं बळ संदेशात आलेलंच नाही. आपल्या ई माउंटची माहिती तिने इतर लेन्स कंपन्यांना लवकर खुली केली, त्यामुळे सिग्मा-टॅमरॉनच्या चांगल्या लेन्सांचा ढीग तिच्याकडे आहे. कॅननने मिररलेसच्या आरएफ माउंटचं दार बाहेरच्या ऑटोफोकस लेन्सांना कित्येक वर्षं बंद ठेवलं आणि २०२४ मध्ये किलकिलं केलं, तेही लहान सेन्सरच्या लेन्सांपुरतं. कॅननवर टीका करायची तर इथे करा.

‘सेन्सर सोनीचाच’ हा मुद्दा ऐकायला झणझणीत आहे. सोनीची सेमीकंडक्टर कंपनी इतरांना सेन्सर विकते, निकॉन तिची जुनी गिऱ्हाईक आहे, हे खरं. पण सोनीने बनवलेला ३६ मेगापिक्सलचा फुलफ्रेम सेन्सर आधी दिसला तो २०१२ च्या निकॉन डी८०० मध्ये. सोनीची स्वतःची ३६ मेगापिक्सलची ए७आर २०१३ ची. सेन्सर विकणाऱ्या कंपनीला निकॉन जगलेलीच हवी असते. आणि कॅनन आपले मोठे सेन्सर स्वतः बनवत आली आहे, आर३ चा स्टॅक्ड (थर रचून बनवलेला, झटपट वाचला जाणारा) सेन्सरही तिचाच.

निकॉनच्या शेवटच्या घटकांबद्दल थोडक्यात. मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात तिचा कॅमेरा विभाग मोठ्या तोट्यात होता, पुढच्याच वर्षी नफ्यात आला. २०२२ मध्ये ती नवे एसएलआर बनवणं थांबवणार अशी बातमी आली आणि फिरता फिरता ‘निकॉन बंद’ होऊन बसली. २०२४ मध्ये त्याच निकॉनने सिनेमा कॅमेरे बनवणारी रेड विकत घेतली. डीएसएलआरचं म्हणाल तर कॅनन आणि निकॉनची नवी निर्मिती मिररलेसकडे वळली आहे, एवढं मान्य. कामावर असलेल्या बॉडी अजून कामावर आहेत.

राहिलं ग्लोबल शटर. २०२३ च्या अखेरीस जाहीर झालेल्या ए९ थ्रीमध्ये सगळा सेन्सर एका क्षणी वाचला जातो. वेगात फिरणारी बॅट वाकडी येत नाही, फ्लॅश कुठल्याही शटर वेगाला जुळतो, सेकंदाला १२० फोटो मिळतात. बदल्यात सुरुवातीचा आयएसओच (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) २५० आहे आणि सावल्या-उजेडाची पकड नेहमीच्या चांगल्या सेन्सरपेक्षा कमी. क्रीडा छायाचित्रकाराला हा सौदा परवडेल, निसर्गचित्रं आणि लग्नं टिपणाऱ्याला बहुधा नाही. वर्षभराने, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सोनीने आपली सर्वोच्च बॉडी ए१ टू आणली. तिच्यात ५० मेगापिक्सलचा स्टॅक्ड सेन्सर आहे, ग्लोबल शटर नाही.