लिटर, रुंदी आणि लीश: लाटांसाठीच्या पॅडलबोर्डाबद्दल फिरणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

‘लाटांसाठी पॅडलबोर्ड निवडण्याचे सहा नियम’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे आणि तो माझ्या धाकट्या बहिणीपर्यंतही पोचला. ती शांत पाण्यावर स्टँड-अप पॅडलबोर्ड, म्हणजे उभे राहून वल्ह्याने (पॅडलने) चालवायची तरंगती फळी, उत्तम चालवते. आता लाटांवर उतरायचे म्हणून ती लाँगबोर्ड धाटणीचा, म्हणजे लांब आणि गोल टोकाचा, बोर्ड शोधते आहे. मजकूर मला पाठवून तिने खाली लीशबद्दल, म्हणजे बोर्ड पायाशी बांधून ठेवणाऱ्या दोरीबद्दल, एवढेच लिहिले, ‘ताई, मग लीश घेतच नाही.’ हे वाचल्यावर गप्प बसणे मला शक्य नव्हते.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे. बोर्डाचे आकारमान लिटरमध्ये आपल्या किलोतल्या वजनाच्या दुप्पट असावे, बाकीचे आकडे दुय्यम. रुंदी ३४ इंचांहून कमी नसावी. हवा भरायचा बोर्ड लाटेत टणक बोर्डाइतकाच चालतो आणि वर अधिक सुरक्षित असतो. बोर्डाच्या तळाला मागे लावायच्या फिनपैकी (माशाच्या परासारख्या पात्यांपैकी) बाजूचे छोटे फिन केवळ दिखाऊ असतात. पॅडल आपल्या उंचीपेक्षा चांगले वीतभर लांब हवे. आणि शेवटचा नियम असा की लाटेत लीश पायात गुंतते, म्हणून ती काढूनच पाण्यात उतरावे, कारण ‘पडलात तरी बोर्ड आपोआप किनाऱ्याला लागतो’.

हा शेवटचा नियम जिवावर बेतणारा आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते. बोर्ड किनाऱ्याला लागतो हे खरे, पण तो कसा लागतो आणि वाटेत कोण उभे असते, याचा विचार हे लिहिणाऱ्याने केलेला नाही. टणक लाँगबोर्ड पॅडलबोर्डाचे वजन साधारण ८ ते १० किलो असते. एक मीटर उंचीची लाट सुमारे १.३ मीटर खोलीवर फुटते आणि त्या खोलीवर तिचा वेग सेकंदाला साधारण ३.५ मीटर, म्हणजे ताशी १२ ते १३ किलोमीटर असतो. मोकळा सुटलेला बोर्ड फेसाबरोबर आडवा होऊन जवळपास त्याच वेगाने पुढे येतो. तीन मीटर लांबीची कड पुढे, आणि उलटला असेल तर फिन वर. गुडघाभर पाण्यात समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या मुलाला तो चुकवता येत नाही, कारण त्याला तो दिसतच नाही. पॅडलबोर्ड चालवणाऱ्याला उभे असल्यामुळे लाट इतरांच्या आधी दिसते आणि पॅडलमुळे ती आधी पकडताही येते. इतका मोठा फायदा घेऊन मग बोर्ड सोडून देणारा माणूस पाण्यातल्या इतर सर्वांच्या जिवाशी खेळतो. त्याच्या स्वतःच्या बाबतीत सांगायचे तर, दमलेल्या माणसाजवळ पाण्यात टेकायला बोर्डाखेरीज दुसरे काही नसते, आणि नेमका तोच त्याच्यापासून दूर निघून गेलेला असतो.

या नियमाच्या समर्थनार्थ मजकुरात दोन दाखले दिले आहेत. पहिला जॅक ओनील यांचा. वेटसूटच्या (थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाच्या) व्यवसायामुळे जगभर नाव झालेल्या या सर्फरचा एक डोळा १९७१ मध्ये लीशमुळे गेला, हे खरे आहे. मात्र त्या काळची लीश शस्त्रक्रियेसाठी वापरल्या जाणाऱ्या रबरी नळीची असे; ती प्रचंड ताणली जाई आणि मग बोर्ड तितक्याच जोराने मालकावर परत येई. त्या अपघाताने ताणल्या जाणाऱ्या लीशचा धोका दाखवून दिला. आज लाटांसाठी वापरली जाणारी सरळ युरेथेनची लीश पुष्कळच कमी ताणली जाते. स्प्रिंगसारखी वेटोळ्यांची लीश शांत पाण्यासाठी असते. ती लाटेत वापरली तर तीच जुनी चूक नव्या साहित्याने केल्यासारखे होते. मजकुराने ‘लाटेत वेटोळ्यांची लीश नको’ असे म्हटले असते, तर मी त्याचे आभार मानले असते.

दुसरा दाखला लीश गुंतून बुडालेल्या माणसांचा आहे, आणि इथे मला नाइलाजाने अर्धे म्हणणे मान्य करावे लागते. वाहत्या नदीत घोट्याला बांधलेली लीश खरोखर जीव घेऊ शकते. ती झाडाच्या बुंध्यात किंवा खांबात अडकली की प्रवाह माणसाला सतत खाली दाबत राहतो आणि वाकून घोट्यापर्यंत हात नेणे अशक्य होते. त्यासाठीच नदीत कमरेला, ओढताच सुटणाऱ्या पट्ट्यावर लीश बांधतात. परंतु नदीतला दाब थांबत नाही, तर लाटेचा दाब काही सेकंदांत ओसरतो. नदीचा धोका उचलून समुद्राच्या लाटेवर चिकटवायचा आणि त्यावरून लीशच काढायला सांगायचे, हा तर्क नव्हे. लाटेच्या पट्ट्यातही खडक किंवा खांब असतील तर तिथे शिकायला जाऊच नये. लीश काढल्याने ती जागा सुरक्षित होत नाही.

लीश कशी असावी, हे मजकुरात कुठेच नाही, म्हणून इथे लिहिते. तिची लांबी बोर्डाच्या लांबीइतकी किंवा किंचित अधिक असावी. लाँगबोर्डावर पुढे-मागे पावले टाकत चालायचे असते, त्यामुळे घोट्याऐवजी गुडघ्याखाली, पोटरीवर बांधायची लीश सोयीची पडते. ती पायांखाली येत नाही. बोर्डाला ज्या दोरीने लीश बांधतात ती दोरी इतकी आखूड ठेवावी की टेलच्या (बोर्डाच्या मागच्या टोकाच्या) कडेवर रुंद कापडी पट्टी टेकेल, दोरी टेकणार नाही. नाहीतर प्रत्येक हिसक्याला ती बारीक दोरी करवतीसारखी टेलमध्ये शिरते. पाण्यात जाण्याआधी लीश बोटांतून सरकवत न्यावी, विशेषतः पट्ट्याजवळच्या फिरकीपाशी, आणि कुठे बारीकशी चीर लागली तरी ती टाकून द्यावी. आणि लीश बांधली म्हणून पडताना बोर्ड भिरकावून द्यायची मुभा मिळत नाही. पडताना बोर्डापासून दूर, अंग पसरून पडावे, डोके हातांनी झाकावे आणि येणारी लाट व आपण यांच्यामध्ये बोर्ड कधीही येऊ देऊ नये.

आता लिटरकडे वळते. ‘वजनाच्या दुप्पट लिटर’ हे सूत्र लक्षात ठेवायला सोपे आहे, एवढाच त्याचा गुण. बहिणीचे वजन ६२ किलो, बोर्डाचे ९, पॅडल व ओले कपडे मिळून २ धरले, तर एकूण ७३ किलो होतात. समुद्राच्या पाण्याचे वजन लिटरला साधारण १.०२५ किलो असल्याने तिला तरंगायला सुमारे ७१ लिटर पुरतात. त्यापुढचे सगळे लिटर राखीव. सूत्राप्रमाणे तिला १२४ लिटर मिळतात आणि योगायोगाने ते ठीक आहे. पण ९५ किलोच्या माणसाला हेच सूत्र १९० लिटरचा बोर्ड घ्यायला लावते. त्याला तरंगायला लागतात सुमारे १०३. उरलेले ८७ लिटर कुठेतरी ठेवावे लागतात आणि ते बहुधा जाडीत जातात. जाड बोर्डावर माणूस पाण्यापासून अधिक उंच उभा राहतो, म्हणजे ज्या स्थैर्यासाठी लिटर वाढवले तेच कमी होते.

स्थैर्य कशावर ठरते, हा प्रश्न पिएर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ मध्येच सोडवून ठेवला आहे आणि जहाजबांधणीचे विद्यार्थी आजही त्याचीच मांडणी शिकतात. तरंगत्या वस्तूचा कलंडण्याला होणारा विरोध पाण्याच्या पातळीवर तिचा जो आकार उमटतो त्यावर ठरतो. त्यात लांबी एकदाच गुणली जाते, रुंदी मात्र तीनदा. भागायचे असते ते विस्थापित पाण्याच्या आकारमानाने, म्हणजे वर केलेल्या हिशेबातल्या ७१ लिटरने. बोर्डावर छापलेला लिटरचा आकडा या सूत्रात येतच नाही. लांबी ९ फुटांवरून १० केली तर स्थैर्याचा हा भाग सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो, आणि रुंदी ३० इंचांवरून केवळ ३२ केली तर २१ टक्क्यांनी. लिटरला महत्त्व येते ते एका मर्यादेपर्यंत: राखीव लिटर फारच कमी असतील तर कड पाण्याखाली जाते, पाण्यावर उमटणारी रुंदी घटते आणि बोर्ड पायाखालून निसटतो. त्या मर्यादेच्या पलीकडे लिटर वाढवून काही मिळत नाही.

मग रुंदीला इतके महत्त्व असेल तर ३४ इंच का नकोत, असा प्रश्न कोणी विचारील आणि तो रास्तच आहे. उत्तर त्याच सूत्रात आहे. कलंडायला फार विरोध करणारी वस्तू पाण्याच्या पृष्ठभागाशी घट्ट जुळून राहते. तलाव सपाट असतो तेव्हा हे सुखाचे असते, पण फुटलेल्या लाटेच्या मागे जे उलटसुलट पाणी येते त्यात पृष्ठभाग ज्या बाजूला कलतो त्या बाजूला रुंद बोर्ड झटकन कलतो आणि माणसाला फेकतो. शिवाय लाटेवर वळायचे म्हणजे बोर्ड मुद्दाम कलवायचा असतो. ३४ इंची बोर्डाच्या मधोमध उभ्या असलेल्या ६२ किलोच्या व्यक्तीची टाच कडेपर्यंत पोचत नाही. तिला प्रत्येक वळणासाठी पाय उचलून सरकवावा लागतो आणि तोवर लाट पुढे निघून गेलेली असते. पॅडलही उभे न पडता तिरपे पडते, त्यामुळे पॅडलच्या प्रत्येक फटक्याला बोर्ड सरळ जाण्याऐवजी वळतो. ज्याचा शांत पाण्यावर तोल बसलेला आहे अशा, बहिणीच्या वजनाच्या व्यक्तीने ९ ते साडेनऊ फूट लांब, २९ ते ३० इंच रुंद आणि ११५ ते १३० लिटरचा बोर्ड पाहावा. वजन अधिक असेल तर ही रुंदी आणि लांबी हळूहळू वाढवावी, दुप्पट करत सुटू नये.

मजकुरात जाता जाता लाँगबोर्ड धाटणीला ‘जुन्या लोकांची हौस’ म्हटले आहे. उभे राहून पॅडल मारण्याची ही रीत विसाव्या शतकाच्या मध्याला हवाईतील वायकिकीच्या बीच बॉय (किनाऱ्यावर पर्यटकांना सर्फिंग शिकवणाऱ्या) मंडळींनी लाँगबोर्डांवरच, लाटांमध्येच चालवली आणि लेअर्ड हॅमिल्टन व डेव्ह कलामा या सर्फरांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस ती पुन्हा वर आणली तीही लाटांमध्येच. हौस तर आहेच. पण रुंद गोल नोज (पुढचे टोक), जवळजवळ समांतर कडा आणि मध्यम रॉकर (टोकांकडे वर वळणारा बाक) यांचा उपयोग ठोस आहे. असा बोर्ड लाट उभी राहण्याआधीच तिच्याबरोबर धावू लागतो आणि शिकणाऱ्याला उठून सावरायला वेळ मिळतो. पुढे सरावाने नोजकडे चालत गेल्यावर टेलवरून वाहणारे पाणी मागची बाजू दाबून धरते आणि पुढच्या टोकावर उभे राहता येते. ती अवस्था ज्याने अनुभवली तो तिला हौस म्हणून हिणवणार नाही.

हवा भरायच्या बोर्डाबद्दल एवढे मान्य करते की तो अंगावर आदळला तर टणक बोर्डापेक्षा कमी लागते. एरवी तो लाटेत टणक बोर्डाइतका चालत नाही. त्याची जाडी बहुधा ६ इंच असते आणि कडा पूर्ण गोल असतात. टणक बोर्डाच्या टेलजवळची कड धारदार असते, म्हणून पाणी तिथून सुटते. गोल कडेला पाणी चिकटून वर चढते, बोर्ड धरून ठेवते आणि वेग खाते. नोजला पुरेसा उचलाव नसेल तर लाटेवरून उतरताना तो पाण्यात घुसतो. गुडघाभर फेसात सराव करायला हा बोर्ड चालेल, लाटेचा बोर्ड म्हणून तो विकत घेऊ नये.

फिनचा मुद्दा फार वाढवण्यासारखा नाही. लहान, मऊ लाटांत एकटा ८ ते १० इंची मधला फिन फार सुरेख चालतो, हे खरे. लाट थोडी उभी झाली की बाजूचे छोटे फिन टेलला लाटेच्या भिंतीत पकड देतात. तिन्ही फिनची सोय असलेला बोर्ड घ्यावा आणि लाट पाहून बाजूचे लावावेत किंवा काढावेत. मधला फिन खाचेत पुढे सरकवला की बोर्ड सहज वळतो, मागे नेला की सरळ धावतो. नवा फिन विकत घेण्याआधी हे करून पाहावे.

पॅडलची वीतभर जास्त लांबी सपाट पाण्यावर लांबचे अंतर कापण्यासाठी ठीक आहे. लाटेवर गुडघे वाकवून, खाली बसत वळायचे असते. तिथे लांब दांडा छातीशी अडतो आणि वरचा हात खांद्याच्या वर जाऊन खांदा दुखावतो. लाटांसाठी पॅडल डोक्याच्या पातळीपासून फार तर चार-पाच इंच वर असावे. बहिणीला मी लांबी बदलता येणारे पॅडल घ्यायला सांगितले आहे: आधी चार इंच वर ठेवून सुरुवात करायची, मग गुडघे वाकवण्याची सवय होईल तसे एकेक इंच कमी करायचे, आणि लांबी पक्की झाली की मगच अखंड दांड्याचे हलके पॅडल घ्यायचे.